दाणा नेमका कुठे तुटतो

२०२०च्या जुलैअखेरीस केंद्रीय अन्न मंत्रालयाचं एक पथक मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांत आलं. कोरोनाचे दिवस होते, हाताला काम नव्हतं आणि कित्येक घरांची चूल रेशनच्या तांदळावर पेटत होती. पथकाने गोदामांतून ३१ आणि रास्त भाव दुकानातून एक असे ३२ नमुने उचलले. दिल्लीच्या केंद्रीय धान्य विश्लेषण प्रयोगशाळेत ते तपासले गेले. एकही नमुना ठरलेल्या प्रतीत बसला नाही. हा तांदूळ माणसांच्या ताटात जाण्याजोगा नाही, फार तर जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यात चालेल, असा निष्कर्ष निघाला. गदारोळ उठला आणि राज्य सरकारने चौकशी आर्थिक गुन्हे शाखेकडे सोपवली.

त्यातला लबाडीचा भाग पोलिसांचा विषय आहे. आपल्याला वेगळा प्रश्न पडायला हवा. लबाडी बाजूला ठेवली, तरी सरळ धंदा करणाऱ्या लहान राईस मिलमधूनही कमअस्सल तांदूळ बाहेर पडतोच. तो का पडतो? आणि प्रशिक्षणाने ते थांबेल का?

उत्तर शोधायला लांजीला जाऊ. लांजी हे याच बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. आजही आमगाव-गोंदियाचा बाजार इथल्या लोकांना परका वाटत नाही. मराठी, पोवारी आणि हिंदी इथे एका वाक्यातही नांदतात. धान हे इथलं मुख्य पीक आणि धान भरडणं हा ओघानेच आलेला उद्योग. इथला लघुउद्योजक म्हटला की डोळ्यांपुढे लेथ मशीनवाला येण्याआधी राईस मिलवाला यावा. गुणवत्तेच्या प्रशिक्षणाची गोष्ट या भागात करायची तर ती मिलमध्येच करायला हवी.

सरकारी खरेदीचं धान मिलवाल्याकडे भरडाईला येतं. अरवा म्हणजे साधा तांदूळ करायचा असेल तर क्विंटलमागे ६७ किलो आणि उसना म्हणजे वाफवलेला असेल तर ६८ किलो तांदूळ परत द्यायचा. अरव्यात तुटलेला दाणा २५ टक्क्यांपर्यंत चालतो, उसन्यात १६. पाऊण दाण्याहून लहान तो तुकडा, इकडच्या भाषेत कनकी. ओलावा १४ टक्के. फार तर १५पर्यंत, तोही किंमत कापून. नियम म्हणून हे सगळे आकडे मिलमालकाला पाठ असतात. दाणा कुठल्या क्षणी तुटतो, हे मात्र या आकड्यांत कुठेही लिहिलेलं नाही.

गंमत अशी की मिलमध्ये तुटणारा दाणा बरेचदा मिलमध्ये येण्याआधीच फुटलेला असतो. धान शेतात उभंच राहिलं, दिवसा उन्हाने वाळलं आणि रात्री दव प्यायलं, की दाण्याचं बाहेरचं अंग फुगतं आणि आतला गाभा कोरडाच राहतो. या ओढाताणीत दाण्याला आडवी भेग पडते. कापणी लांबली, सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर देऊन भर उन्हात वाळवण घातलं, ड्रायरची हवा फार गरम ठेवली, तरी हेच होतं. तूस काढलेला दाणा काचेवर ठेवून खालून टॉर्च मारला तर ही भेग केसासारखी दिसते. ज्याने ती एकदा पाहिली, तो कनकी वाढल्याबरोबर मशीनला शिव्या घालत सुटत नाही.

मग मशीन. जुन्या हलरमध्ये एकाच लोखंडी नळकांड्यात तूस निघतो आणि पॉलिशही होतं. ब्राझीलच्या एंगेलबर्गने पेटंट घेतलेली ही रचना खेडोपाडी आजही चालते. घासाघिशीत दाणा फार तुटतो आणि कोंडा तुसात मिसळून वाया जातो. आताच्या मिलमध्ये शेलरचे दोन रबरी रोलर उलट दिशांनी फिरतात, एक दुसऱ्यापेक्षा जवळपास पाव पट जास्त वेगाने. दाणा त्यांच्यात चिमटला जातो आणि वेगांच्या फरकामुळे तूस सोलून निघतो. फट जास्त ठेवली तर धान तसंच पुढे जातं. कमी ठेवली तर दाणा चिरडतो आणि रबर झिजतं. वेगाने फिरणारा रोलर आधी झिजतो, म्हणून दोघांची अदलाबदल वेळच्या वेळी करावी लागते. पुढे पॉलिशरमध्ये एमरीचा दगड आणि त्याला दाबून धरणारे रबरी ब्रेक. गिऱ्हाइकाला पांढरा तांदूळ हवा म्हणून एकाच पासमध्ये दाब वाढवला, की दाणा तापतो आणि पटापटा तुटतो. हेच काम दोन-तीन पासांत हलक्या हाताने केलं तर कनकी कमी पडते. विजेचं बिल थोडं वाढतं, हेही खरं.

या सगळ्याच्या मुळाशी ओलावा असतो. भरडाईला १३-१४ टक्के ओलावा चांगला. त्याहून ओला दाणा मऊ पडून चेंदला जातो, फार वाळलेला तडकतो. आणि तो मोजतात कसा?

‘‘मिस्त्री, धान वाळलं का?’’

‘‘वाळलं जी शेठ. दाताखाली कट्कन तुटते.’’

या दाताची थट्टा करायचं कारण नाही. वीस-पंचवीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाचा दात ओलं धान बरोबर ओळखतो. अडचण १४ आणि १६ यांच्यातला फरक ओळखण्याची आहे. तिथे दात फसतो. १०० किलो धानात १७ टक्के ओलावा असेल आणि ते १४वर आणलं, तर उरतात साडेशहाण्णव किलो. तांदूळ मात्र उचललेल्या वजनाच्या हिशेबाने द्यायचा. म्हणजे वाळवण जास्त झालं तर वजनात मार आणि कमी झालं तर गोदामात बुरशी. ही कसरत अंदाजावर चालवणं परवडत नाही. ओलावा मोजायचं यंत्र बहुतेक मिलमध्ये असतंही, पण कुठे? ऑफिसच्या कपाटात, तपासनीस येईल त्या दिवसासाठी.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. योजनांची कमी नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ‘झेड’ (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्राची योजना २०१६पासून आहे आणि २०२२मध्ये ती कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्यांत नव्याने मांडली गेली. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के आणि कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यात प्रशिक्षणही आहे. तंजावरची धानप्रक्रियेतली संस्था देशभर नावाजलेली आहे. या योजनांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट खटकते. जिल्ह्याच्या गावी, सभागृहात, पडद्यावर स्लाइड दाखवत जे प्रशिक्षण होतं, तिथे मालक जातो किंवा मालकाचा मुलगा जातो. प्रमाणपत्र फ्रेम होऊन गल्ल्यामागच्या भिंतीवर चढतं. शेलरची फट ज्याच्या हातात आहे तो मिस्त्री आणि खळ्यावर धान उलथणारा हमाल त्या दिवशी मिलमध्येच असतात, कारण हंगाम चालू असतो.

जपानचं उदाहरण अशा वेळी हटकून दिलं जातं आणि बहुधा अर्धवट दिलं जातं. १९५०मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी तिथल्या बड्या उद्योगपतींपुढे व्याख्यानं दिली, एवढं सगळे सांगतात. जपानी शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने १९५६मध्ये फोरमन लोकांसाठी गुणवत्तेचा अभ्यासक्रम रेडिओवरून चालवला आणि १९६२मध्ये खास त्यांच्यासाठी नियतकालिक काढलं, हा भाग गळतो. कामगारांच्या छोट्या गटांची क्वालिटी सर्कल नावाची चळवळ त्या नियतकालिकाच्या वाचकांतून उभी राहिली. लांजीच्या मिस्त्रीला रेडिओची गरज नाही, त्याच्या खिशात मोबाइल आहे. रोलर कसा बदलावा, कनकी किती पडली हे १०० ग्रॅम तांदूळ, चाळणी आणि छोटा वजनकाटा घेऊन दहा मिनिटांत कसं काढावं, हे त्याच्या बोलीतल्या चित्रफितीतून शिकवता येईल. पण खरं शिकवणं मिलच्या फरशीवर, मशीन चालू असताना, आणि तेही हंगामाच्या आधी व्हायला हवं.

शिकवून सगळं सुटेल असंही नाही. भरडाईचा केंद्राचा मूळ दर वर्षानुवर्षं अरव्याला क्विंटलमागे १० रुपये आणि उसन्याला २० रुपये असा राहिला. राज्यं त्यात आपली भर घालतात. कोंडा, कनकी, तूस मिलवाल्याकडे राहतात आणि त्यांच्या विक्रीवरच धंदा उभा असतो. २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली नाही म्हणजे झालं. २५ऐवजी १५ टक्के तुकडा देणाऱ्याला सरकारी भरडाईत जास्तीचा पैसा नाही. अशा हिशेबात मिस्त्रीला हळुवार पॉलिश शिकवून काय उपयोग, असं मालकाने विचारलं तर प्रशिक्षकाकडे उत्तर हवं.

उत्तर खुल्या बाजारात आहे, आणि थोडं उसन्यात. धान भिजवून, वाफवून, वाळवलं की आतला स्टार्च चिकटून भेगा सांधल्या जातात. उसन्याची मर्यादा १६ ठेवली आहे ती त्यामुळेच. पूर्वी दोन-तीन दिवस थंड पाण्यात भिजवल्याने उसन्याला आंबूस वास यायचा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पन्नासच्या दशकात ६५-७० अंशांच्या गरम पाण्यात तीन-चार तास भिजवण्याची रीत बसवली आणि वास गेला. ही रीत छोट्या मिलपर्यंत पोहोचायला मात्र बराच काळ गेला.

दुसरी जागा खुल्या बाजारातल्या चिन्नोरची. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मिळालं. हा तांदूळ घेणारं गिऱ्हाईक अख्ख्या दाण्याचे आणि वासाचे पैसे मोजतं, म्हणून इथे हळुवार भरडाईचा खर्च वसूल होतो. पण त्यासाठी शेलरची फट वेगळी लावावी लागते, पॉलिश कमी ठेवावं लागतं, कारण घासताना तापलेल्या दाण्यातून वासही उडतो. आणि त्याच मशीनवर आदल्या दिवशी सरकारी धान चाललेलं असेल तर एलेव्हेटरचं बूड, चाळण्यांचे कोपरे, पॉलिशरचं पोट झाडूने आणि हवेने रिकामं करून चिन्नोरचे सुरुवातीचे काही किलो वेगळ्या पोत्यात काढावे लागतात. ते पोतं चिन्नोरच्या भावाने विकायचं नसतं.