मोबाईलसमोर बोलताना लाज का वाटते?



आपल्या समूहांचे पापड, कुरडया, मसाले, लोणची यांना नावं ठेवायला जागा नसते. पण मालाचा व्हिडिओ करायचा म्हटलं की "तूच बोल गं", "माझं तोंड कशाला दाखवता" असं सुरू होतं. शेवटी एखादीचा मुलगा किंवा मालक पुढे होऊन बोलतो. मग गिऱ्हाईक त्यालाच ओळखतं, ऑर्डरचा फोनही त्यालाच जातो. म्हणजे ही लाज आपल्या नावाला आणि पैशालाही महाग पडते.

लाज वाटते, कारण रेकॉर्डिंगमधली बाई आपल्याला अनोळखी वाटते. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच डोक्याच्या हाडांतूनही येतो. त्यामुळे तो स्वतःला भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला आवाज नसतो, म्हणून तो बारीक वाटतो. पण बाकीचे लोक रोज तोच आवाज ऐकतात, त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. चेहऱ्याचंही तसंच. आरशात आपण उजवं-डावं उलटं बघतो, व्हिडिओत सुलटं दिसतं. मोबाईल फार जवळ धरला की नाकही मोठं दिसतं. दोष आपला नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं उदाहरण बघा. आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. वयाच्या सत्तरीत, २०२० साली, नातू यशच्या मदतीनं त्यांनी 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल सुरू केलं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर त्यांनाही भीती वाटायची. पण वर्षाच्या आत लाखो लोक त्यांच्या चॅनेलला जोडले गेले. त्यांचे व्हिडिओ बघितले की कळतं, हात सवयीच्या कामात आहेत आणि बोलणं घरातलंच आहे.

आपणही असं करू या :

१. सेल्फी कॅमेरा नको, मागचा कॅमेरा वापरा. स्वतःचा चेहरा दिसला की लक्ष पदराकडे नि केसांकडे जातं.

२. मोबाईल दोन-तीन हात लांब ठेवा. त्याच्या शेजारी एका मैत्रिणीला बसवा आणि तिला सांगतोय असं बोला.

३. हातात काम घ्या. पापड लाटता लाटता बोललं की शब्द आपोआप येतात.

४. पाठ करू नका. नाव, गाव, समूह, माल आणि भाव एवंढच सांगा. तीस सेकंद पुरे.

५. चुकलं तर पुन्हा करा. पहिले चार-पाच व्हिडिओ सरावाचे समजून पुसून टाका.

एक नियम मात्र सगळ्यांनी पाळायचा. जिचा व्हिडिओ आहे तिनं बघून "हो" म्हटल्याशिवाय तो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. चेहरा दाखवायचा नसेल तर नुसते हात आणि आवाजही चालतो. कुणी वाईट कमेंट केली तर उत्तर देत बसू नका, कमेंट काढून त्या माणसाला ब्लॉक करा.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं यासाठी ठेवा. अध्यक्ष-सचिवांनी आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी. सगळ्यात जास्त लाजणाऱ्या ताईला हसू नका, तिला मध्ये बसवा. माल तुमच्या हातचा आहे, तर त्याची माहितीही तुमच्याच तोंडून लोकांपर्यंत जाऊ द्या.