डीजेसाठी लॅपटॉप निवडताना

श्रोतेहो, लग्नसराई जवळ आली की पुष्कळ घरांतून हल्ली एक नवाच प्रश्न उपस्थित होतो. महाविद्यालयात शिकणारा मुलगा हळदीच्या आणि वरातीच्या सुपाऱ्या घेऊ लागलेला असतो, किंवा मुलगी कीबोर्ड घेऊन कार्यक्रमांस जाऊ लागलेली असते. आणि एके दिवशी मागणी येते, 'बाबा, चांगला लॅपटॉप हवा.' खर्च बहुधा लाखाच्या घरातला. वडील दुकानात जातात आणि सर्वांत वेगवान यंत्र कोणते, एवढेच विचारतात. या कामी तो प्रश्नच गैरलागू आहे, हे आज मला सांगावयाचे आहे.

पत्र लिहिणाऱ्या किंवा हिशेब करणाऱ्या यंत्रास क्षणभर उशीर झाला तर कोणाचे काही बिघडत नाही. ध्वनीची गोष्ट निराळी आहे. सीडीच्या मापाने पाहिले तर एका सेकंदाच्या ध्वनीत प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने असतात. संगणक ते एकेक करून पाठवीत नाही. लहान लहान भांड्यांत भरून पुढे देतो. या भांड्यास बफर म्हणतात. रहाटगाडग्याची आठवण करावी. एक पोहरा रिकामा वर आला की पाटाचे पाणी तुटते. मागचे दहा पोहरे काठोकाठ भरलेले होते याचा तेव्हा काही उपयोग नसतो. ५१२ नमुन्यांचे भांडे धरले, तर ते ११.६ मिलिसेकंदांत रिते होते. चार तासांच्या कार्यक्रमात अशी सुमारे १२ लाख ४० हजार भांडी वेळेवर भरली गेली पाहिजेत. (गणित शिकविणाऱ्याची खोड, हिशेब केल्याविना राहवत नाही.) त्यांतील थोडी जरी चुकली तरी स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो, अधिक चुकली तर ऐन नाचात शांतता पसरते. वधूपित्यादेखत पसरलेली ती शांतता पुढच्या चार सुपाऱ्या घेऊन जाते. म्हणून यंत्राची परीक्षा त्याच्या सरासरी वेगावरून नव्हे, तर त्याच्या सर्वांत वाईट क्षणावरून करावयाची.

भांडे मोठे केले तर धोका कमी होतो हे खरे. परंतु विलंब वाढतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ५१२ नमुन्यांचा विलंब हा चार मीटरांवर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्यासारखा आहे. तयार गाणी लावणाऱ्यास तो सहज चालतो. कीबोर्ड वाजविणाऱ्यास मात्र बोट आणि स्वर यांतील अंतर खटकते. त्यास १२८ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे एका मीटराचे, भांडे लागते. (यंत्रातील इतर टप्प्यांचा थोडा विलंब यात आणखी मिळतो.) मुलीचा लॅपटॉप मुलाच्या लॅपटॉपाहून अधिक कसास लागणार आहे, हे वडिलांनी ध्यानी ठेवावे.

आता भांडे रिकामे का राहते? पुष्कळदा प्रोसेसर दुबळा असतो म्हणून नव्हे, तर यंत्रातील दुसराच कोणी वाट अडवून बसतो म्हणून. वायफायचा ड्रायव्हर, आपोआप उतरणारे अपडेट, व्हायरस शोधणारी प्रणाली हे नेहमीचे अपराधी. विंडोजमध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने काढलेली आसिओ नावाची पद्धत ध्वनीस जवळची वाट करून देते. ॲपलच्या यंत्रांत कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असते. विंडोजचे यंत्र घ्यावयाचे असल्यास लेटन्सीमॉन नावाचे साधन त्यावर तासभर चालवून पाहावे; चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा. खेळांसाठी विकली जाणारी भपकेदार यंत्रेही या परीक्षेत कधी कधी नापास होतात. परत घेण्याची मुदत दुकानदाराकडून आधी लिहून घ्यावी.

दुसरा शत्रू उष्णता. प्रोसेसर फार तापला की स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. ॲपल आपल्या यंत्रांसाठी १० ते ३५ अंश तापमान सांगते. मे महिन्यात नागपूरच्या लॉनवर दुपारच्या हळदीला काय स्थिती असते, हे तिकडील श्रोत्यांस सांगणे नको. मॅकबुक एअरला पंखा नाही. त्यामुळे हळद आणि गुलाल आत ओढला जात नाही. पण दीर्घकाळ ताण पडला की ते लवकर मंदावते. पंख्याचे यंत्र अधिक तग धरते, मात्र पूड आत घेते. कोणतेही घेतले तरी सावली आणि खालून हवा जाईल असे स्टँड हवेच.

स्मृती १६ जीबी असावी. ॲपलच्या आजच्या लॅपटॉपांत ती मागाहून वाढविता येत नाही. साठ्याची चिंता फारशी नको. उत्तम प्रतीची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी घेते, म्हणजे पाच मिनिटांची हजार गाणी १२ जीबीत मावतात. साठा एसएसडी असला म्हणजे झाले.

सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, व्हर्च्युअलडीजे ही सर्व विंडोजवर आणि मॅकवर चालतात. क्रोमबुकच्या वाटेस जाऊ नये. स्नॅपड्रॅगनचे विंडोज यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर आपल्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यावर चालतो याची आधी खात्री करावी. जुने यंत्र घेताना आणखी एक गोष्ट पाहावी: विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. माझे मत विचाराल तर नवीन घेणाऱ्याने एम मालिकेचे १६ जीबीचे मॅकबुक एअर घ्यावे. ज्यास यूएसबीची अधिक तोंडे हवीत, त्याने कचेऱ्यांसाठी बनविलेले साधे, दणकट विंडोज यंत्र पाहावे. एकाच तोंडात स्वस्त हब खुपसून त्यावर कंट्रोलर आणि ऑडिओ इंटरफेस दोन्ही लटकविणे म्हणजे विघ्नास निमंत्रण.

विजेविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. चार्जर लावताच स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागतो, असा अनुभव पुष्कळांस येतो. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या अर्थिंगच्या वाटा निरनिराळ्या असल्या म्हणजे आपल्या ५० आवर्तनांच्या विजेची ती गुणगुण ध्वनीत शिरते. यावर काही जण प्लगची तिसरी पिन मोडून टाकतात. असे कदापि करू नये. मांडवातील ओल्या जमिनीवर, जनरेटरच्या विजेवर, तीच पिन माणसास वाचविते. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून घ्यावीत, आणि तरीही आवाज राहिल्यास ध्वनीच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. बॅटरीवर वाजविता येतेच, परंतु अनेक यंत्रे त्या वेळी वेग कमी करतात. ती व्यवस्था सेटिंगमधून बदलून ठेवावी.

आणि इतके करूनही यंत्र ते यंत्रच. तासाभराची गाणी भरलेला एक फोन मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला जोडून ठेवावा. तो एअरप्लेन मोडवर टाकण्यास मात्र विसरू नये. नाही तर सनईच्या मध्येच मामांचा फोन साऱ्या मांडवास ऐकू जाईल.