कॅमेरा ऑफ, मन म्यूट!

जॉब पुण्यात, घर बीडला. दिवाळीला गावी गेलात आणि ऑनलाइन ग्रुप थेरपीचं सेशन लागलं, तर बोलणार कुठून? दोन खोल्या, भिंतीपलीकडे काकू! मग आधी कॅमेरा ऑफ, नंतर ‘नेट गेलं’, आणि पुढच्या आठवड्यापासून आपण गायब.

पण दोष फक्त रेंजचा नाही, बॉस! अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९६६ मध्येच ग्रुप सोडणाऱ्यांचा अभ्यास केला होता. जवळिकीची भीती, दुसऱ्यांचं दुःख आपल्याला लागेल ही धास्ती... कारणं तीच!

तेव्हा सोडावंसं वाटलं, तर आधी ग्रुपमध्येच तसं सांगा. एकट्यानेच बोलायचंय? २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. मोफत, चोवीस तास.