न मावलेली संख्या

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून 'आरियान-५' हा युरोपचा नवा अग्निबाण प्रथमच झेपावला. त्यावर चार शास्त्रीय उपग्रह होते. सुमारे चाळीस सेकंदांतच तो कलला, मोडला आणि त्याचा स्फोट झाला. इंजिनात दोष नव्हता. मग बिघडले काय? एक संख्या जागेत मावली नाही!

संगणकापुढे कधीकधी अशक्य काम येते. उदाहरणार्थ, शून्याने भागणे. याला 'अपवाद' म्हणतात. समजा, वर्गात एखादा मुलगा घेरी येऊन पडला. वर्गप्रमुखाला उपाय ठाऊक नसेल, तर तो शिक्षकांकडे धावतो; शिक्षक मुख्याध्यापकांकडे जातात. आरियानच्या आज्ञावलीची 'एडा' ही भाषा असेच करते. अपवाद जेथे घडला तेथे उपाय लिहिलेला नसेल, तर ते काम अर्धवट सोडले जाते आणि अपवाद ते काम सांगणाऱ्या भागाकडे जातो, तेथून आणखी वर. शेवटपर्यंत कोणीच तो झेलला नाही, तर मुख्य आज्ञावलीच थांबते.

आरियानची दिशा व वेग मोजणाऱ्या उपकरणात आडव्या वेगाशी निगडित अशी एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत ठेवली जाई. एक बिट चिन्हासाठी गेला की उरतात १५. म्हणून तेथे ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. आज्ञावलीचा हा भाग जुन्या 'आरियान-४'वरून घेतलेला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग पुष्कळ अधिक होता. अपवाद उद्भवला! या संख्येसाठी उपाय लिहिलेला नव्हता. अपवाद आल्यास 'दोष कळवा आणि बंद व्हा' एवढाच नियम होता. राखीव उपकरणातही तीच आज्ञावली असल्याने ते निमिषभर आधीच बंद पडले होते. दोष कळवणारे आकडे मुख्य संगणकाने उड्डाणाचे आकडे समजून वाचले आणि अग्निबाण भलतीकडे वळवला.

चटका लावणारी गोष्ट अशी, की या हिशेबाची गरज उड्डाणापूर्वीच संपली होती. चौकशीत आढळले, की असा धोका असलेल्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते. उरलेल्या तीन मोठ्या होणारच नाहीत, असे गृहीत धरले होते.

तेव्हा मित्रांनो, गणितात किंवा प्रयोगात 'असे होणारच नाही' असे मनात आले, की तेथे पेन्सिलीने खूण करा. प्रश्न बदलला, की आधी तीच खूण तपासा.