साखळीतील कडीची जबाबदारी

मी कला शाखेचा पदवीधर व व्यवसायाने बँकेतील लिपिक. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु माझा पुतण्या एका जुन्या संगणक-प्रणालीची देखभाल करतो. त्याने तिची रचना समजावून सांगितली, तेव्हा मला आमच्या शाखेतील टेबलेच आठवली. आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज हे शिक्षण घेत आहेत, म्हणून हे चार शब्द.

पूर्वी पैसे काढण्याची स्लिप प्रथम लिपिकाकडे येई. तो टोकन देई व खतावणीत रक्कम नावे टाकी. मग अधिकारी सही पडताळून स्लिप पास करी आणि शेवटी रोखपाल पैसे मोजून देई. माणसे आपापल्या जागी. फिरे ती स्लिप.

जावा भाषेतील ‘अपाची ॲक्सिस’ ही वेब सेवांची चौकट अशीच आहे. तिची १.० आवृत्ती २००२ साली आली. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे ‘सोप’ पद्धतीचा निरोप येतो. त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक टप्प्यास ‘हँडलर’ म्हणतात. एक पाठविणाऱ्याची ओळख तपासतो, दुसरा नोंद ठेवतो. असे हँडलर ओळीने जोडले की ‘चेन’ म्हणजे साखळी तयार होते. साखळीच्या मध्यावरील ‘पिव्हट’ प्रत्यक्ष सेवेचे काम करतो. त्यानंतर उत्तर परतीच्या हँडलरांतून बाहेर पडते.

अशी साखळी बांधताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, सर्व कड्यांचा आकार एकच हवा. प्रत्येक हँडलरला ‘इन्व्होक’ ही एकच हाक मारली जाते. चेन ही स्वतःदेखील हँडलरच असते, म्हणून एका साखळीत दुसरी साखळी बसविता येते. नवा टप्पा घालायचा तर मांडणीच्या फाइलीत नोंद करावी. शेजारच्या कड्यांना हात लावावा लागत नाही.

दुसरी, निरोपाची माहिती निरोपाबरोबरच फिरावी. त्यासाठी ‘मेसेजकॉन्टेक्स्ट’ नावाची जणू एक फाइल असते. एकच हँडलर एकाच वेळी अनेक निरोप हाताळू शकतो. त्याने एकाची टिपणे स्वतःच्या खिशात ठेवली, तर ती दुसऱ्याच्या कामात मिसळतील.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखाद्या टप्प्यावर काम अडले, तर त्याआधी काम पूर्ण केलेल्या हँडलरांना उलट क्रमाने ‘ऑनफॉल्ट’ ही हाक जाते. आपण केलेले काम निस्तरण्याची ती संधी असते. मात्र ज्याच्यापाशी काम अडले, त्याला ही हाक जात नाही; त्याने आपला पसारा स्वतःच आवरायचा असतो. शिवाय हाक मारणे एवढेच चौकटीचे काम. काय निस्तरायचे, हे हँडलर लिहिणाऱ्यानेच आधी ठरवून ठेवावे लागते.

मी नोकरीत नवा असताना एका वृद्ध ग्राहकाची स्लिप सही न जुळल्यामुळे परत गेली. रक्कम मात्र मी आधीच नावे टाकली होती. ती नोंद रद्द करण्यास मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चार दिवसांनी ते औषधासाठी पैसे काढण्यास आले, तेव्हा खात्यात शिल्लक अपुरी दिसली. चूक सापडेपर्यंत ते बाकावर बसून होते.

प्रत्येकाने आपापले काम चोख केले, तरी साखळी तुटू शकते. म्हणून या क्षेत्रात शिरणाऱ्या तरुणांनी प्रत्येक टप्पा लिहिताना स्वतःस विचारावे : पुढे काम अडले, तर माझे काम मागे कसे घेतले जाईल? त्या उत्तरावर बाकावर बसलेल्या कुणाचे तरी औषध अवलंबून असते.