गटाचा हिशेब दोन घरी ठेवा

विट्याला आमचं दोघींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माण-खटावकडून येणाऱ्या मशीनमध्ये धूळच फार. पंखा अडकतो, मशीन तापतं आणि बंद पडतं. प्लग काढून ब्लोअरने धूळ उडवली, की बरेचदा काम भागतं.

सांगलीकडचं दुखणं वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेली मशीन आली. एका बचत गटाच्या ताईंनी ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबलं होतं. ओल्या भागात वीज गेली, शॉर्ट झालं, हार्ड डिस्क जळाली. तीन वर्षांचा बचत-कर्जाचा हिशेब गेला. दुसऱ्या गटाने मशीन सुरू न करता तसंच आणलं. त्यांचा हिशेब निघाला.

म्हणून भिजलेलं मशीन सुरू करू नका. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते. आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आणि दर बैठकीनंतर हिशेबाची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. तो ड्राइव्ह दुसऱ्या सभासदाच्या घरी, उंचावर ठेवा. मशीन नवं घेता येतं. कुणी किती भरले, कुणाचं किती फिटलं, हे गेलं तर गटात भांडणंच उरतात.