फोटो असताना वहीत चित्र कशाला?

नेट-सेट किंवा पेटची तयारी करताना तुम्ही संशोधन पद्धतीचं एखादं तरी पुस्तक वाचलं असेल. नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण हे सगळं त्यात असतं. निरीक्षणाच्या प्रकरणात 'नोंदी ठेवाव्यात' असं एक वाक्य येतं आणि प्रकरण पुढे सरकतं. पण नोंद ठेवायची कशी? आपण बहुतेक जण मोबाइल काढतो, दोनशे फोटो घेतो आणि घरी येतो. मीही तेच केलं होतं. त्यातून झालेली चूक आज सांगतो. ती टाळायला पेन्सिल, पेन, कोळसा आणि रंग कसे कामी येतात तेही सांगतो. चित्रकला येत नाही म्हणून लेख बंद करू नका. हा लेख तुमच्यासाठीच आहे.

चूक कुठे झाली

माझं काम फड पद्धतीवर आहे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पांझरा नदीवर साक्री आणि धुळे तालुक्यांत एकापाठोपाठ एक जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी अडवायचं, काठाने पाट काढायचा, पाटातून चाऱ्या फोडायच्या आणि चाऱ्यांवर शेतं भिजवायची. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग केलेले असतात, तेच फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकाच प्रकारचं पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी लावणं सोपं जातं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीला. शेकडो वर्षं हे गावकऱ्यांनी चालवलंय.

पहिल्या फेरीत मी एका बंधाऱ्यावर भरपूर फोटो काढले. जळगावला येऊन नकाशा काढायला बसलो, तर पहिली चारी सांडव्याच्या वर फुटते की खाली, तेच कळेना. फोटोत बाभळी होत्या, दगड होते, पाणी होतं. फक्त मला हवी ती जागा झुडपामागे होती. मग मी अंदाजाने रेघ मारली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं, पण त्या अंदाजावर 'टंचाईतही वरच्या फडाला पाणी आधी मिळतं' असं दोन पानांचं विवेचनही लिहून काढलं.

दुसऱ्या फेरीला एसटीने साक्रीकडे गेलो, तेव्हा सोबत वही आणि पेन्सिल होती. पाटाच्या कडेला बसून रेखाटत होतो. एक वयस्कर पाटकरी बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "भाऊ, पानी तठून येस, आठून नही." त्यांनी काठीने मातीत आडवी-उभी रेघ ओढून दाखवली. माझी चारी चुकीच्या बाजूला होती. दोन पानं रद्द.

मला यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे रेघ मारायची तर ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवावंच लागतं. ठरवता आलं नाही, की आपण काय पाहिलेलं नाही ते तिथेच, शेतावर उभं असताना कळतं. फोटोत ते घरी आल्यावर कळतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण काढलेलं चित्र समोरचा माणूस दुरुस्त करू शकतो. फोटो दाखवला की लोक 'छान आलाय' म्हणतात. चित्र दाखवलं की 'हे असं नाही' म्हणतात. संशोधकाला हेच दुसरं वाक्य हवं असतं.

अभ्यास काय सांगतात

हा फक्त माझा अनुभव नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या वॅम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी 2016 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना साधे शब्द दिले. काहींचं चित्र काढायचं होतं, काही नुसते लिहायचे होते. नंतर आठवायला सांगितलं, तर चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्र सुबक असण्याशी त्याचा फारसा संबंध दिसला नाही. त्याआधी 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एन्सवर्थ, प्रेन आणि टायटलर यांनी मांडलं होतं की विज्ञान शिकताना वाचन-लेखनाइतकंच रेखाटनालाही स्थान हवं, कारण आपली समजूत कुठे कच्ची आहे ते चित्रात उघडं पडतं.

वांग्यापासून सुरुवात

शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे पेपर आठवत असतील. वस्तू समोर ठेवून काढायची ते वस्तुचित्र, डोक्यातून काढायचं ते स्मरणचित्र. फील्डवर आपला घोळ इथेच होतो. वस्तू समोर असते आणि आपण स्मरणचित्र काढत बसतो.

करून बघा. आधी डोक्यातून एक वांगं काढा आणि रंगवा. बहुतेकांचं जांभळं, लहान आणि वर मुकुटासारखा देठ असलेलं येईल. आता बाजारातून भरताचं वांगं आणा, आपलं जळगावचं. ते फिकट हिरवं असतं, आकाराने मोठं. देठाचा भाग फळाला कुठवर चिकटलाय आणि कुठे सुटलाय ते बघा. चकाकी कुठल्या बाजूला आहे? फुगवटा मधोमध आहे की खाली? दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. त्यांच्यातला फरक म्हणजे तुम्ही न बघताच गृहीत धरलेल्या गोष्टी. संशोधनातही एवढाच फरक आपल्याला शोधायचा असतो.

प्रत्येक साधनाचा प्रश्न वेगळा

साधन आवडीवर निवडू नका, प्रश्नावर निवडा.

*पेन्सिल: प्रमाण काय आहे?* पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त, तर शिसं कडक आणि रेघ फिकट, ते एच. माती कमी, तर मऊ आणि काळी, ते बी. मोजमापाच्या रेघांना 2एच, रोजच्या कामाला एचबी, सावलीला 2बी किंवा 4बी. एवढ्या तीन पेन्सिली पुरतात. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंची-रुंदीचं प्रमाण घ्या. आणखी एक गोष्ट. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ किंवा समर्थ वाग्देवता मंदिर अशा ठिकाणी जुनी कागदपत्रं, हस्तलिखितं समोर असतील तेव्हा बाहेर फक्त पेन्सिल काढा. शाईचा एक थेंब पडला तर तो परत घेता येत नाही.

*शाईचं पेन: कड नक्की कुठे आहे?* शाई खोडता येत नाही, म्हणून रेघ मारण्याआधी नजर जास्त वेळ वस्तूवर राहते. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याच्या जुन्या मंदिरांसारखं कोरीवकाम समोर असेल तर पेन घ्या. अख्खं मंदिर काढायच्या फंदात पडू नका. एकाच खांबाचा उभा छेद काढा, म्हणजे कुठे आत जातो, कुठे बाहेर येतो, कुठे गोल, कुठे चौकोनी. सावली दाखवायला टिंबं वापरा. वनस्पतिशास्त्र आणि पुरातत्त्वाच्या आकृत्यांत टिंबं वापरतात, कारण ती छपाईत स्वच्छ उमटतात. शाई पाण्याने न फुटणारी घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हाताच्या घामाने पान खराब होतं. तळहाताखाली एक जादा कागद ठेवा.

*कोळसा: उजेड आणि अंधार कसे वाटले गेलेत?* कोळशाच्या कांडीने बारकावे निघत नाहीत, आणि तोच तिचा उपयोग आहे. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला सकाळी आणि संध्याकाळी कोळशाने काढून बघा. डोळे अर्धवट मिटले की डोंगराचे दोन-तीनच गडद-फिकट तुकडे दिसतात. तेवढेच काढा. प्रत्येकाला दहा मिनिटं, जास्त नाही. कोळसा पुसला जातो, म्हणून वर बटर पेपर ठेवा.

*रंग: बदल कुठून सुरू झाला?* रावेर-यावल भागात केळीच्या पानावर करपा, म्हणजे सिगाटोका, बघायचा असेल तर एका रंगाची पेन्सिल पुरत नाही. आधी शिरांना समांतर बारीक पिवळसर रेषा येतात, मग तपकिरी ठिपके, मग मधला भाग राखाडी पडतो. हे टप्पे वेगवेगळ्या रंगांत काढा आणि शेजारी शब्दांतही लिहा, कारण उन्हात आणि सावलीत तोच रंग वेगळा दिसतो. पान कितवं, हेही लिहा.

अजिंठ्याचा धडा

आता थोडं जिल्ह्याबाहेर जाऊ, पण फार लांब नाही. अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी जळगावहून जवळ आहेत. रेखाटनाच्या नोंदीची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथल्या इतिहासात दिसतात.

1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. त्यांनी अनेक वर्षं ते केलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या बहुतेक नकला 1866 च्या आगीत जळाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम सुरू केलं. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यातल्याही बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार होते.

मधल्या काळात भिंतींवरचा काही भाग झडला. तिथे काय होतं हे आज काही ठिकाणी उरलेल्या नकलांवरूनच कळतं. पण नक्कल म्हणजे मूळ नव्हे. भिंतीवर अर्धवट पुसलेला चेहरा कागदावर पूर्ण कुणी केला, किती केला, हे चित्रकाराने लिहिलं नसेल तर नंतरच्या अभ्यासकाला कसं कळणार? दुसरी गोष्ट याहून गंभीर. चित्रं नीट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर वार्निश लावलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं आणि चित्रांना अपाय झाला. म्हणून नियम पक्का ठेवा. आपल्याला दिसावं म्हणून वस्तूला हात लावायचा नाही. शिलालेखाच्या अक्षरांत खडू भरायचा नाही, कोरीवकाम ओलं करायचं नाही. सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड येईपर्यंत थांबायचं. अक्षरं आपोआप उठून दिसतात.

मग फोटो नकोच का?

असं अजिबात नाही. चाळीसगावचे केकी मूस जगाला छायाचित्रकार म्हणून माहीत आहेत. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून त्यांनी केलेली टेबल-टॉप छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. 1989 मध्ये ते गेले. त्यांचं राहतं घर आता संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. तेच मूस चित्रंही काढत. त्यांचे फोटो बघितले की कळतं, बटण दाबण्याआधी किती ठरवलं गेलंय. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, आपल्या घाईचा आहे. माझा आताचा क्रम असा आहे: आधी रेखाटन, मग चित्रात जिथे शंका राहिली त्या जागेचे फोटो. दोनशे फोटोंचे वीस झाले, आणि वीसही कामाचे.

पानावर काय काय हवं

चित्र कसंही येऊ दे, एवढं लिहिल्याशिवाय पान उलटू नका:

- ठिकाण, तारीख, वेळ, आणि उजेड कुठल्या बाजूने आहे ते.
- माप. टेप नसेल तर पावलं किंवा वीत. तुमचं पाऊल आणि वीत किती सेंटिमीटर, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.
- जागेचं चित्र असेल तर उत्तर दिशेचा बाण.
- पाहिलं ते सलग रेघेने. अंदाजाने जोडलं ते तुटक रेघेने. कुणी सांगितलं ते वेगळ्या रंगाने.
- माणसाचं किंवा त्याच्या कामाचं चित्र असेल तर आधी परवानगी, आणि काढून झाल्यावर त्यांना दाखवणं.

तुटक रेघेचा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझ्या पहिल्या नकाशात ती चारी तुटक रेघेने असती, तर तिच्यावर दोन पानं लिहायची हिंमत मला झालीच नसती.

विषय पक्का व्हायला अजून सहा महिने असतील तर ते असे वापरा. पहिला महिना घरातल्या वस्तू, पेन्सिलने, रोज पंधरा मिनिटं. दुसरा महिना झाडं-पानं, पेन आणि रंग. तिसरा महिना काम करणारे हात, म्हणजे भाकरी थापणारी आई, पंक्चर काढणारा दुकानदार. पुढे इमारत, मग मोकळी जागा. शेवटच्या महिन्यात तुमच्या विषयातली एखादी व्यवस्था काढा, जशी मला पाटाची काढायची होती. ती घेऊन तिथल्याच कुणा जाणत्या माणसाकडे जा आणि एवढंच विचारा, "यात माझं काय चुकलं?"

माझी पाटावरची ती वही अजून टेबलावर आहे. चुकीची चारी मी खोडलेली नाही. तिच्याशेजारी बाबांनी सांगितलेली चारी लाल पेन्सिलीने काढली आहे आणि खाली तारीख घातली आहे.